मांडूच्या चिंचेची टरफलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वसुधेला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

वसुधा म्हणजे माझी बायको. देवासच्या एका कॉलेजात आम्ही दोघंही रसायनशास्त्र शिकवतो. ती मांडूजवळच्या धारची, त्यामुळे मांडूच्या गोरखचिंचेवर तिचा भारी जीव. फळातला आंबट गर सगळे खातात, टणक टरफल फेकून देतात. त्या टरफलाचा कोळसा करायचा, पोटॅशबरोबर भट्टीत तापवायचा, की त्याला बारीक बारीक छिद्रं पडतात आणि त्यांत कार्बन डायऑक्साइड अडकून बसतो — हे तिचं स्वप्न. घरात टरफलांची पोती, हिच्या केसांत काजळी. मला ती तशीच आवडायची. अजूनही आवडते.

मग मी असं का वागलो?

कोळसा तयार झाला आणि नेमकं तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ती धारला गेली. जाताना एवढंच म्हणाली, की पोटॅश पुरतं निघेपर्यंत धुवा, नाहीतर छिद्रं बुजलेलीच राहतील. सोपं काम — पण कंटाळवाणं. पाणी गाळणीतून थेंबथेंब उतरतं, आणि तांबडा लिटमस निळा व्हायचा काही थांबत नाही, म्हणजे पोटॅश अजून आहेच. दुपारी मित्राचा फोन आला, "भिया, दाल-बाफले तैयार हैं." मी गेलो. तुपात बुडवलेले बाफले खाऊन आल्यावर कोण धुतं? ताणून दिली. सकाळी कोळसा तसाच वाळवला, डबीत भरला आणि तिला फोनवर सांगितलं — अगदी स्वच्छ धुतलाय.

चाचणी बाहेरगावी व्हायची, पुन्हा नंबर लागणं कठीण. कोळशानं वायू जेमतेम धरला. टरफलातच दम नाही, असं ठरवून वसुधेनं ते काम सोडलं. पोती कचऱ्यात गेली. मी तिला चहा करून दिला, समजूत घातली — खरं मात्र बोललो नाही. भ्यालो, दुसरं काय?

गेल्या आठवड्यात कुक्षी गावची एक विद्यार्थिनी घरी आली. तिला ह्याच टरफलांवर काम करायचं होतं. वसुधा मायेनं म्हणाली, "अगं, त्या छिलक्यांच्या चक्करमध्ये पडू नकोस. हवं तर ह्यांना विचार. ह्यांनी स्वतः धुतलं होतं. इतकं जपून दुसरं कुणी धुणार नाही."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं.

मी होकारार्थी मान हलवली.