चिंचेने घासलेलं पितळ

सूनबाईने चिंचेने घासलेला तांब्या उन्हात वाळत ठेवलाय. लांबून अगदी नवा दिसतो. हातात घेऊन फिरवला, की गळ्याशी जुने ओरखडे दिसतात.

काडतुसाची पुंगळीही पितळेचीच. नेमबाजीच्या क्लबात सरावासाठी मी वापरलेल्या पुंगळ्यांत पुन्हा दारू भरायचो आणि ती काडतुसं कंपनीच्याच रिकाम्या खोक्यांत ठेवायचो. ओळखणं सोपं होतं. कंपनीच्या काडतुसाला तळाशी लाखेचं रंगीत कडं असे, पुन्हा भरताना ते निघून जाई, म्हणून माझ्या काडतुसाला नसे. फक्त उलटून बघावं लागे.

"कंपनीचीच ना रे?" माझा मित्र श्रीपाद खोकं घेताना म्हणाला होता.

"अरे, डोळे झाकून घे!"

मीही फक्त खोकंच पाहिलं होतं. त्यातल्या एका काडतुसात माझ्या हातून दुप्पट दारू पडली होती. श्रीपादच्या हातातलं, त्याच्या वडिलांनी दिलेलं रिव्हॉल्वर फुटलं, त्याची दोन बोटं गेली.

रिव्हॉल्वर जुनंच होतं, असं सगळे म्हणाले. मी फाटलेली पुंगळी उलटून पाहिली. कडं नव्हतं. ती गुपचूप खिशात घातली. श्रीपाद अजून म्हणतो, "आमच्या अण्णांनी आयुष्यात मला एकच वस्तू दिली, तीही असली!"

वय झालं की माणूसही घासल्यासारखा उजळ दिसू लागतो. लोक वाकून नमस्कार करतात. उलटून कुणी बघत नाही.

संध्याकाळी श्रीपाद चहाला येईल, उरलेल्या बोटांत कप धरेल. त्याच्या बशीशेजारी मी ती पुंगळी ठेवणार आहे, तळ वर करून. अण्णांचं रिव्हॉल्वर चांगलं होतं.