सुलक्षणाचे चाळीस सेकंद

माझी बायको स्वस्थ बसत नाही. बसली तर पाय हलतो, पाय थांबला तर फोन वाजतो. सुलक्षणा लंडनमध्ये एका अमेरिकन वाहिनीच्या राजकीय विभागात अकरा वर्षं काम करतेय. बातमी खणून काढायची तिने आणि कॅमेऱ्यासमोर सांगायची दुसऱ्याने, असा तो प्रकार. नागपूरला कॉलेजात असल्यापासून तिला स्वतः कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं होतं. 'तुझा ॲक्सेंट आमच्या प्रेक्षकांना जड जाईल,' असं तिला तीनदा गोड शब्दांत सांगून झालं होतं. मला त्या माणसांचा अजून राग येतो.

गेल्या एप्रिलमधल्या एका सोमवारी संधी आपणहून चालून आली. एक मंत्री राजीनामा देणार असल्याचं त्याच्याच ऑफिसातल्या सीमाताईंनी तिला सकाळी सांगितलं. वाहिनीचा नियम कडक: दोन वेगवेगळ्या माणसांकडून खात्री झाल्याशिवाय बातमी द्यायची नाही. तिने त्या मंत्र्याच्या पक्षाच्या कार्यालयातल्या प्रज्ञेशला विचारलं. तो म्हणाला, "हो ताई, हंड्रेड पर्सेंट." नेमका वार्ताहर ट्रेनमध्ये अडकून पडला. तिला निरोप आला, बारा वाजता तूच उभी राहा.

मी लंडनजवळच्या रीडिंग गावी, आमच्या घरूनच काम करत होतो. मीटिंग म्यूट केली, लॅपटॉपवर वाहिनी लावली, नागपूरला आईला कळवलं आणि उगाचच इस्त्रीचा शर्ट घातला.

तिकडे हिच्या जिवाला चैन नाही. पाच मिनिटं उरली असताना तिने प्रज्ञेशला पुन्हा फोन लावला.

"अरे, तुला सांगितलं कोणी?"

"काल जयंतीच्या मीटिंगनंतर सीमाताईच म्हणाल्या ना! तुम्ही किचनमध्ये भांडी आवरत होतात."

आमच्या लोकांचं हे असंच. चौदा एप्रिलची तयारी एकत्र, जेवण एकत्र, आणि एकाला कळलेलं हात धुवेपर्यंत सगळ्यांना कळलेलं. दोन माणसं म्हणता म्हणता शेवटी एकच उरलं. ती स्वतः जयंतीच्या कमिटीत आहे, तिला हे आधीच सुचायला हवं होतं. तिने न्यूयॉर्कच्या मुख्य ऑफिसला खरं ते सांगितलं. तिकडचा साहेब म्हणाला, तुझं तू ठरव.

ती पडद्यावर आली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. राजीनाम्याची चर्चा आहे, पण आम्हाला अजून खात्री करता आलेली नाही, एवढंच ती बोलली. चाळीस सेकंद. आईने फोन करून विचारलं, "झालं? एवढंच?" मी तिच्यावर खेकसलो.

दहा मिनिटांनी दुसऱ्या वाहिनीने बातमी फोडली. दोन वाजता मंत्र्याने खरोखर राजीनामा दिला. साहेबाने हिला 'अगदी बरोबर केलंस' असा मेल पाठवला, आणि पुढच्या आठवड्यात न्यूयॉर्कहून एक जादा वार्ताहर आणला. हिला परत फोनवर बसवलं.

त्या सोमवारीच संध्याकाळी मी चिडून म्हणालो होतो, "बोलून टाकायचं होतंस. खरंच होतं की!"

ती स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होती. थांबली.

"बारा ते दोन मी काय करत होते, माहितीये? ही बातमी खोटी निघू दे, एवढंच घोकत होते. उल्हास, अकरा वर्षांत पहिल्यांदा मला खरं नको होतं."

मग ती रडली. मी तो शर्ट अजून काढला नव्हता.