टी-शर्टच्या कापडाचा पडदा

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मला चिखलोलीच्या फ्लॅटची ती उघडी खिडकी आठवते. बायको बाळंतपणाहून परत यायची होती आणि तिने फोनवर बजावलं होतं, "बेडरूमला पडदा लाव, समोरच्या बिल्डिंगमधून सगळं दिसतं. मी बाळाला पाजायचं कुठे?" मी उल्हासनगरहून झकास निळं कापड आणलं. दुकानदार म्हणालाही, "साहब, टी-शर्ट का माल है, लटकेगा." पण रंग मला आवडला होता आणि ऐकून घेणं माझ्या स्वभावात नाही. आईच्या मशीनवर ते ओढून ओढून शिवलं. सकाळी टांगलेला पडदा स्वतःच्याच वजनाने ताणत दुपारी फरशीला टेकला. मी खालून कापला, तो आणखी उतरला; घाबरून भसकन मोठा तुकडा कापला, तर हलका झालेला पडदा आखडून अर्ध्या खिडकीवर जाऊन बसला. तेवढ्यात खाली रिक्षा थांबली. बायकोने दारातूनच पाहिलं. "खिडकीला झबलं शिवलंस का रे?" बाळ रडायला लागलं, म्हणून मी दोन्ही हातांनी चादर ताणून खिडकीत उभा राहिलो. समोरच्या गॅलरीतले काका टक लावून बघत होते. आता घरात तयार पडदे आहेत, तरी काका रस्त्यात भेटले की विचारतात, "काय, आज ड्युटी नाही?"