तिच्या उजव्या हाताला

लग्न ठरण्यापूर्वी, पुण्यातल्या तिच्या घरी, माझ्या पत्नीने मला एकच प्रश्न विचारला होता. "सायकल चालवता का?" ती स्वतः शाळेपासून सायकलवर वाढलेली. मी म्हणालो, "हल्ली नाही." हे उत्तर खोटे नव्हते, पूर्वीही कधी चालवली नव्हती, एवढेच सांगायचे राहून गेले. लहानपणी शिकणे झाले नाही, आणि ज्या वयात सर्वांना येते त्या वयात आपल्याला येत नाही हे कबूल करण्याचा धीर झाला नाही. हा संकोच मी पुढे दोन पदव्या आणि एक प्रबंध यांच्या आड नीटनेटका लपवून ठेवला.

नोकरीने आम्हाला आइंडहोवेन या डच शहरात आणले तेव्हा मात्र लपवणे कठीण झाले. इथे सत्तरीच्या बायका भाजीच्या पिशव्या लटकावून, समोरून येणाऱ्या वाऱ्याला न जुमानता सायकलवरून जातात. पत्नीने पहिल्याच आठवड्यात जुनी सायकल विकत घेतली. मी बसचा पास काढला. रविवारी कुठे जायचे असले की तीही माझ्यासोबत बसने येई. तिने याबद्दल कधी अवाक्षर काढले नाही. पण इथली जोडपी शेजारी-शेजारी सायकल चालवत, निवांत गप्पा मारत जातात, आणि बसच्या खिडकीतून ती नेमकी त्यांच्याकडेच पाहत असते, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षे लागली.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या सभागृहात प्रौढांसाठी सायकलवर्ग निघाला. वर्गात आम्ही नऊ जण होतो: आठ बायका आणि मी. शेवटच्या दिवशी मैदानाला न पडता दोन फेऱ्या मारल्या, तेव्हा त्या आठजणींनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि मी कानांपर्यंत लाल झालो.

यंदा पत्नीच्या पन्नासाव्या वाढदिवसाला काय हवे, असे मी विचारले. ती म्हणाली, "एक दिवस. टिलबर्गहून बार्लेपर्यंत सायकलने जायचं आणि यायचं. पण मागे-पुढे नाही. शेजारी. आणि गप्पा मारत."

मला तोवर सायकल चालवता येत होती आणि बोलताही येत होते. दोन्ही एकाच वेळी जमत नव्हते.

तो रस्ता तिने माझ्यासाठीच शोधला होता. पूर्वी तिथून बेल्जियमकडे आगगाडी जात असे. रूळ केव्हाच काढले गेले आणि त्या जागी सायकलींसाठी डांबरी वाट झाली. आगगाडीला काटकोनात वळता येत नाही, त्यामुळे वाट सरळ. वळताना हात दाखवावा लागतो, आणि हँडलवरून एक हात उचलणे मला अजून साधलेले नाही, हे ती जाणून होती.

शनिवारी सकाळी सायकली आगगाडीत घालून आम्ही टिलबर्गला उतरलो. शहरातून मी सायकल हातात धरून चाललो. वाट सुरू झाली तेव्हा बसलो. नवख्याने उजवीकडे, गवताच्या बाजूला राहायचे, जाणत्याने डावीकडे, समोरून कोणी आले की जाणत्याने मागे सरकायचे, असा इथला रिवाज आहे. दोन्ही बाजूंना बर्चची झाडे होती, पलीकडे कुरणे, आणि कुरणांत आमच्याकडे टक लावून पाहणाऱ्या गाई.

"अहो, श्वास घ्या."

"घेतोय."

"आणि उत्तर एका शब्दाहून मोठं दिलंत तरी चालेल."

"बरं."

ती एकटीच बोलत राहिली. धाकट्या बहिणीच्या नव्या घराची हकिगत अगदी रंगात आली असताना समोरून शर्यतीच्या सायकलींचा जथा वेगाने आला. ती ओरडली, "डावीकडे! डावीकडे घ्या!"

मी आयुष्यभर आज्ञाधारक विद्यार्थी राहिलो आहे. ती डावीकडे वळली, तिच्यामागून मीही. जथ्याच्या पुढ्यातून आम्ही वाट तिरकी ओलांडली आणि पलीकडच्या गवतात एकावर एक कोसळलो. करकचून ब्रेक लागले. वर्गात न शिकवलेले काही डच शब्द ऐकू आले. शेवटचा सायकलस्वार मात्र थांबला, आम्हाला लागले नाही याची त्याने खात्री करून घेतली, आणि अगदी मृदू आवाजात म्हणाला, "उजवीकडे, महाशय. या देशात उजवीकडे."

पत्नीचा चेहरा पांढरा पडला होता. "इतकी वर्षं चालवतेय इथे, कधी चुकले नाही. आज मराठीत बोलत होते ना, मनाने पुण्यातच होते." मग माझ्या शर्टावरचे गवत झटकत ती म्हणाली, "चला, परत जाऊ. हट्ट माझाच होता. तुमचं काही मोडलं असतं म्हणजे?"

त्या क्षणी पुन्हा 'बरं' म्हणणे मला फार सोपे होते. पण परतलो तर पुढचे सगळे रविवार बसच्या खिडकीतले असतील, हे मला स्वच्छ दिसत होते. मी सायकल उभी केली. "बार्लेला अजून तासभर लागेल. तू बोलत राहा. फक्त समोरून कोणी आलं तर ओरडू नकोस, मागे ये. उजवीकडे राहायचं मला माहीत आहे. वर्गात पहिल्याच दिवशी शिकवलंय."

"अगंबाई," ती म्हणाली, "आवाज आहे की तुम्हाला!"

बार्लेत दोन देशांची सरहद्द फरसबंदीवर पांढऱ्या फुल्यांनी आखलेली आहे. तिने एक पाय बेल्जियममध्ये ठेवून छायाचित्र काढून घेतले. मग घरच्या तिखटमिठाच्या पुऱ्या आम्ही एका बाकावर बसून खाल्ल्या आणि सफरचंदाचा केक कॅफेत बसून.

परतताना थोडे अंतर शेतांमधल्या रस्त्याने आलो. तिथल्या प्रत्येक वळणावर मी उतरून चाललो. जुनी वाट पुन्हा लागली तेव्हा वारा पाठीशी होता, आणि कदाचित त्यामुळेच मला धीर आला.

"एक सांगायचं राहिलंय," मी म्हणालो. "तुमच्या घरी मी म्हणालो होतो ना, हल्ली नाही..."

"माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"आत येताना फाटकात माझी सायकल आडवी होती. ती बाजूला करायला गेलात, तर स्टँड कसा काढायचा तेच कळेना तुम्हाला. शेवटी उचलून ठेवलीत. खिडकीतून बघत होतो आम्ही सगळे."

"सगळे?"

"आजोबासुद्धा. म्हणाले, मुलगा प्रामाणिक दिसत नाही, पण ताकद बरी आहे."

मी मोठ्याने हसलो. सायकल डगमगली, सावरली. मग मी विचारले की आजोबा आणखी काय म्हणाले, ती सांगू लागली, मी मध्येच तिचे म्हणणे खोडून काढले, ती चिडली, आणि आम्ही तसेच वाद घालत पुढे गेलो. समोरून एक म्हातारे जोडपे येताना दिसले. पत्नी बोलता बोलता गप्प झाली आणि मागे सरकली. मी उजवीकडे राहिलो. जोडपे गेले. क्षणभराने माझ्या डाव्या हाताला तिच्या चाकाचा आवाज आला.

"तर काय सांगत होते मी..."