गिअरबॉक्स नसलेली गाडी

बस डेपोत त्यांना सगळे गिअरमास्तर म्हणायचे. एकतीस वर्षं त्यांनी बसचे गिअरबॉक्स उघडले आणि बसवले. दात उडालेला गिअर हातात आला की कुठल्या ड्रायव्हरने घाई केली, हे ते नाव घेऊन सांगत, आणि बहुतेक वेळा ते खरं निघे. गाडी थांबायच्या आत रिव्हर्समधून पुढचा गिअर टाकणारा माणूस त्यांच्या लेखी माणूसच नव्हता.

निवृत्तीनंतर लेकीच्या आग्रहाने घरात छोटी इलेक्ट्रिक गाडी आली. क्लच नाही, गिअरचा दांडा नाही, नुसती एक गोल चकती फिरवायची. ते पाहून बायको म्हणाली, "ही तर मीसुद्धा शिकेन." वय सत्तावन्न. जन्मभर घरी कपडे शिवलेले. पण पठ्ठी दोन महिन्यांत शिकली आणि पहिल्या फटक्यात लायसन घेऊन आली. तिची थोरली बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. दोन बस बदलून जावं लागे. आता दर गुरुवारी ही एकटी गाडी घेऊन जाऊ लागली. परत आली की कोणी कुठे हॉर्न मारला, कोणाला आपण वाट दिली, हे सांगण्यात तिचा चहा गार होऊन जाई.

एका रविवारी सकाळी ती घरासमोरच्या अरुंद गल्लीत गाडी वळवत होती. मास्तर फाटकाशी उभे. गाडी अजून हळूहळू मागे सरकत होती, तेवढ्यात तिने चकती फिरवली. गाडी जराही हिसका न देता थांबली आणि पुढे निघाली.

मास्तरांनी बॉनेटवर थाड्कन हात मारला. "थांब! गाडी थांबायच्या आत गिअर टाकतेस? अक्कल गहाण ठेवलीस काय?"

"अहो, कपडे शिवताना मशीनवर उलटी टीप घालायला मी कुठे थांबते—"

"गाडी आहे ही, शिलाई मशीन नव्हे!"

समोरच्या सलूनमध्ये तोंडाला फेस लावून बसलेलं गिऱ्हाईक हसलं. न्हावीही हसला. तिने गाडी बंद केली, किल्ली मास्तरांच्या हातावर ठेवली आणि जिना चढून गेली.

पुढच्या गुरुवारी ती म्हणाली, "ताईकडे सोडता का मला?" मास्तरांना वाटलं, बरं झालं, गाडी वाचली. असं दीड वर्ष चाललं.

मग सर्व्हिसिंगच्या वेळी त्यांनी तिथल्या मेकॅनिक मुलीला सांगितलं, "गिअरबॉक्स नीट तपास हं. आमच्या हिने त्याचे फार हाल केलेत."

"काका, यात बदलायला गिअरच नाहीत. एकच जोडी, कायम जुळलेली. मोटर उलटी फिरली की झाला रिव्हर्स."

"आणि गाडी सरकत असताना बदललं तर?"

"चालण्याच्या वेगात असेल तर मोटरच गाडी थोपवते आणि मग दिशा बदलते. वेग जास्त असला तर गाडी ऐकतच नाही, नुसती ओरडते. थांबून बदललेलं चांगलंच, पण त्याने मोडत काही नाही."

मास्तर घरी आले तेव्हा ती एका परकराची शिवण उसवत होती. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "गाडीबरोबर पुस्तक आलं होतं ना, त्यात लिहिलंय."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"चार लोकांसमोर? तुमचा जन्म गेला त्या कामात. तुम्हाला यातलं कळत नाही, असं म्हणायचं होतं का मी?"

मास्तर खाली बसले. आपण तर चार लोकांसमोरच ओरडलो होतो, एवढं त्यांच्या मनात आलं. "चुकलं माझं," ते म्हणाले. ती म्हणाली, "जाऊ द्या हो," आणि पुन्हा धागा ओढू लागली.

त्या गुरुवारी त्यांनी हट्टाने किल्ली तिला दिली आणि स्वतः शेजारी बसले. गल्लीत वळताना तिने गाडी पूर्ण थांबवली, पाय ब्रेकवर ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं. "टाकू?"

"अगं, मला काय विचारतेस!"

पुढच्या वळणावरही तेच. बहिणीच्या दारात पोहोचताच तिने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. "येताना तुम्हीच चालवा," ती म्हणाली. "आता नाही जमत मला."

मास्तर अजूनही दर गुरुवारी विचारतात, "आज तू घेतेस?" ती "नको हो" म्हणते आणि मागच्या सीटवर जाऊन बसते. रागावून नाही म्हणत. रागावली असती तर समजूत तरी काढता आली असती.