समोरच्याचं म्हणणं

लेवी जाहिएरचं उभं आयुष्य दगडाच्या खाणीत गेलं, पण त्याचा जीव रमायचा तो वादात. तोरिनो शहराजवळच्या त्या डोंगरदरीतल्या प्रोटेस्टंटांत त्याच्याइतकं बायबल कुणाला पाठ नव्हतं, आणि रविवारी खानावळीत वाईनचा पेला समोर आला की ते पाठांतर तो कॅथलिकांवर भिरकावायचा. "तुम्ही मूर्तीपुढे मेणबत्त्या लावणारे," म्हटलं की त्याच्या बाजूचे खो-खो हसायचे.

शेजारी मारियुच्चा राहायची. विधवा, पक्की कॅथलिक आणि जिभेची तिखट. लेवीची बायको एस्तेर अंथरुणाला खिळली, तेव्हा रोज सूप घेऊन हीच यायची. एका संध्याकाळी तिच्या हातातली मरियेची जपमाळ बघून लेवीला राहवलं नाही.

"त्या प्लास्टरच्या बाईला ऐकू येतं का गं?"

मारियुच्चाने भांडं खाली ठेवलं. "काल मला काय म्हणालास? एस्तेरसाठी प्रार्थना कर, असंच ना?"

"हो."

"मग मी तुझ्या आणि देवाच्या मध्ये येऊन बसले का? मीही मरियेला तेवढंच सांगते, बाई गं, माझ्यासाठी तूही माग. मूर्ती प्लास्टरची आहे हे मला कळतं रे. मी मूर्तीशी बोलत नाही."

लेवीला उत्तर सुचलं होतं. जिवंत शेजारीण वेगळी, मेलेले संत वेगळे. पण त्याने सूप एस्तेरच्या वाटीत ओतलं. इतकी वर्षं आपण भलत्याच गोष्टीशी भांडत होतो, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

एस्तेर पडल्यापडल्या म्हणाली, "एवढ्या वर्षांत आज तिला विचारलंस."

त्या हिवाळ्यात एस्तेर गेली. प्रोटेस्टंट प्रार्थनेला बसायची कॅथलिकांना तेव्हा मनाई होती. मारियुच्चा चर्चबाहेर बर्फात उभी राहिली, शवपेटी बाहेर येईपर्यंत.

वसंतात तोरिनोहून एक प्रवचनकार आला. कॅथलिक लोक लाकडामातीला देव मानतात, असं तो रंगवून सांगू लागला. सभागृह हसत होतं. लेवी उठून उभा राहिला.

"साहेब, मीही त्यांच्या मताचा नाही. पण ते असं मानत नाहीत. काय मानतात ते आधी नीट सांगा, मग खोडून काढा."

"आपण कोणाच्या बाजूचे?"

"तुमच्याच."

कुणी हसलं नाही. त्या वर्षी चर्चच्या पंचांत लेवीची निवड झाली नाही. चुलतभाऊ दाविदेने टोमणा मारला, "मग, जपमाळ कधी घेतोस?"

"घेणार नाही. चुकतेच मारियुच्चा. पण ती काय मानते ते मी तिच्याच तोंडून ऐकणार, तुझ्या नाही."

टोमण्याचा घाव बसायचा तो बसलाच. बरेच दिवस तो खानावळीत एकटाच बसायचा. तिकडे मारियुच्चा आपल्या कॅथलिक मैत्रिणींना धुण्याच्या हौदावर सुनावत होती, "लेवी मरियेला शिव्या देत नाही. मान देतो, फक्त तिच्याकडे मागत नाही. उगाच काहीतरी बरळू नका."

पुढे दोघं अंगणातल्या बाकावर बसून भांडत. नियम एकच, खोडण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं मांडायचं. एकदा, कॅथलिक मेलेल्यांसाठी प्रार्थना का करतात, हे लेवीने आधी तिच्या बाजूने सांगायचं होतं.

"असं नाही," ती म्हणाली. "पुन्हा सांग."

त्याने पुन्हा सांगितलं.

"आता जमलं. बोल, काय चुकतं त्यात?"