दोरा न ओवलेलं मशीन

शिंपीदादाची कातर अशी चालायची, की कापडाला कळूही नये आपण कापले गेलो ते. जीभही तशीच, हीच तर पंचाईत!

त्याचा धाकटा भाऊ फार वर्षांपूर्वी आजारी पडला. भिंती शिव्या देतात म्हणायचा, गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून जायचा. औषध लागू पडलं, आरडाओरडा थांबला आणि दादाने गल्लीभर सांगितलं, "भाऊ ठणठणीत झाला!"

पण हा ठणठणीत भाऊ मशीनशेजारच्या स्टुलावर दिवसभर नुसता बसून राही. सकाळी लावायला दिलेली चार बटणं संध्याकाळी तशीच वाटीत. आंघोळीलाही ढकलावं लागे. हसू नाही की राग नाही.

एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "हे कोण?"

"हा? आमचा पुतळा! फरक एवढाच, पुतळ्याला जेवायला घालावं लागत नाही."

दुकान खो खो हसलं. धाकटा जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी दादाने त्याचं स्टूल मागच्या खोलीत टाकलं. गिऱ्हाइकांदेखत लाज नको!

आठवडाभरात धाकटा कान दाबून बसू लागला, जेवेना. दादाने त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. म्हणाला, "बाई, वेड गेलं, आता आळसावर गोळी द्या."

"आळस नाही हो तो. या आजारात नसलेले आवाज ऐकू येतात, ते औषधाने बरेचसे दबतात. पण असलेली उमेद, बोलणं, हसणं आटतं, ते सहजी परतत नाही. वर्षानुवर्षं राहतं." मग त्या धाकट्याकडे वळल्या. "आवाज अजून येतात?"

"येतात. कमी." धाकटा म्हणाला. "मशीन चालू असलं की ऐकू येत नाहीत. म्हणून तिथे बसायचो."

दादा आपल्या चपलेची शिवण बघत राहिला.

दुकानात येताच त्याने स्टूल आणलं, स्वतःच्या बाहीने पुसलं आणि जुन्या जागी ठेवलं. शिवायला कापड बेतलेलं नव्हतं. त्याने सुईतला दोरा काढला आणि नुसताच पाय मारायला लागला. खडखड, खडखड.

शेजारचा घड्याळजी डोकावला. "काय शिवताय दादा? कापड कुठाय?"

दादाचे कान लाल झाले, पण पाय थांबला नाही.

धाकटा सुईकडे बघत होता. कितीतरी वेळाने म्हणाला, "दादा, दोरा ओवला नाहीस."

"माहितीये रे," दादा म्हणाला. मान वर करून त्याच्याकडे बघायचं धैर्य काही झालं नाही.